उफराटं वाचन

चि. चिमणे,

तुझ्यासकट घरातल्या सगळ्यांना ओंजळभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. खोकला नावालाच उरलाय, आईला सांग. इथे लॉन्ड्रीत वाफेने सगळं ढगात बसल्यासारखं दिसतं. तिथेच दुपारच्या सुट्टीत, तू माझ्या बॅगेत लपवलेलं ते जपानी चित्रांचं पुस्तक वाचलं. अक्षरं कळली नाहीत, चित्रांवरच भागवलं.

काय पोरगा आहे गं! आधी ढगांमधून एकटाच होडी हाकतो. मग लढाई होते, तर पडलेले उठतात, जखमा मिटतात, तलवारी म्यानात जातात. शेवटी तो आपल्या दारात, आईसमोर उभा. माझे डोळेच भरले. म्हटलं, लेकीने बापासाठी नेमकं पुस्तक निवडलं.

शेजारचा इस्त्रीवाला पोट धरून हसला. "काका, ही पुस्तकं मागच्या बाजूने सुरू होतात. तुम्ही उलटं वाचलंत. तो घर सोडून चाललाय!"

मग सरळ वाचून बघितलं. चांगलं आहे, पण मन रमेना.

साहेब म्हणतात, आणखी सहा महिने थांबा. आईला हे जेवण झाल्यावर सांग. तिचे गुडघे कसे आहेत? आणि मी निघताना धरलेला तुझा रुसवा गेला का?

आता रोज एकच पान वाचतो, माझ्याच बाजूने. दार यायला अजून बरीच पानं आहेत. पण होडीचं तोंड घराकडे आहे.

तुझा उफराटा,
बाबा