तुझं मत माझ्या हाती

ग्रीनॉक
२९ जून २०१६

प्रिय रॉरी,

रविवारी तुझा फोन ठेवल्यापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. काल सॉसेज तव्यावर टाकली आणि धूर झाला तेव्हा आठवण आली. तू म्हणशील, आईचं हे नेहमीचंच, कावळा ओरडला तरी हिला धास्ती. असेल बाबा. पण या खेपेची भीती वेगळी आहे. हे पत्र वाचून झाल्यावर तू माझा मुलगा म्हणून माझ्याशी बोलशील की नाही, याची मला भीती वाटते आहे. आत्तापर्यंत तीन कागद फाडले. हा चौथा तुझ्या कंपनीच्या लास पाल्मासच्या माणसाकडे पाठवते आहे. जहाज तिथे लागलं की तुला मिळेल.

इथली खबर विचारशील तर गावात कुणी धड बोलत नाही. गुरुवारच्या मतदानात आपण इकडे स्कॉटलंडात बहुतेकांनी युरोपात राहायचं म्हटलं, आणि तिकडे इंग्लंडनं बाहेर पडायचं ठरवलं, म्हणजे आपणही निघालो त्यांच्यामागून फरफटत. शेजारच्या नेट्टाला तर चेवच चढलाय. दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं मतदान झालं तेव्हा खिडकीत लावलेला निळा-पांढरा झेंडा तिनं अजून काढलेला नाही, आणि शुक्रवारी कचऱ्याचा डबा ओढता ओढता माझ्यावर ओरडली, "काय गं सेंगा, वेगळं झालो तर युरोप हाकलून देईल म्हणून 'नाही' म्हणालीस ना? आता बस बोंबलत!" टीव्हीवरच्या चांगल्याचुंगल्या कोटातल्या माणसांनी तसंच सांगितलं होतं. छप्पर टिकावं म्हणून ज्या घरात राहिले, त्याचा मालकच आता कौलं उतरवायला लागलाय. बेकरीत, डॉक्टरांकडे, बसथांब्यावर एकच विषय: स्वातंत्र्याचं मतदान पुन्हा होणार. लोक आनंदानं बोलतात आणि मी तिथून काढता पाय घेते.

माझी भीती कुठून आली हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तू आठ वर्षांचा होतास. तुझे बाबा जिथे जहाजं बांधायचे ती गोदी बंद होणार नाही असं सांगायला साहेब लोक आले होते, आम्हा बायकांनाही बोलावलं होतं, चहा आणि बिस्किटं होती. सगळं ठीक होईल, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी मोजलं होतं. पुढच्या वसंतात फाटकाला कुलूप. तेव्हापासून कुणी हसतमुखानं "सगळं ठीक होईल" म्हटलं की मी मनात मोजायला लागते, मग तो लंडनचा असो की एडिंबराचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, माझ्यामागे तो तीस वर्षं चालतोय.

आणि स्वातंत्र्याच्या मतदानाच्या त्या उन्हाळ्यात तू सुट्टीवर आलास तो छातीवर 'हो'चा भलामोठा बिल्ला लावून! जेवताना रोज भांडण. तू म्हणायचास, "आई, आपल्या घराची किल्ली आपल्या खिशात नको का?" मी म्हणायची, "किल्ली घे रे, पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. तुझ्या बाबांची पेन्शन उद्या कुठल्या नोटांत येणार, ते आधी सांग." तू म्हणालास, "नोटांवर तुझंच तोंड छापू, घाबरून कुणी खर्चच करणार नाही." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू झोपल्यावर तेच पाणी थांबेना, हे तुला ठाऊक नाही. ऑगस्टात तू जहाजावर निघालास आणि तुझ्या वतीनं मत टाकायचा अर्ज भरलास माझ्या नावानं. नेट्टा म्हणाली होती, माझं नाव घाल, मी तरी तुझ्या बाजूची आहे. तिला तू काय उत्तर दिलंस ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. "आई 'नाही'वाली आहे, पण खोटी नाही."

मतदानाच्या दिवशी सकाळीच गेले, तुझ्याच प्राथमिक शाळेत. फाटकाशी नेट्टा सगळ्यांना शाईची पेनं वाटत उभी. पेन्सिलीनं केलेली फुली लंडनवाले रबरानं खोडतात म्हणे! काय एकेकाच्या डोक्यात येईल. मी तिचं पेन घेतलं नाही. आतली यादी बघणारी बाई म्हणाली, "दोन मतं? मिसेस मॅकफेल, आज तुम्ही श्रीमंत आहात." मी माझ्या कागदावर 'नाही'पुढे फुली मारली. मग तुझा कागद पुढे घेतला. त्या आडोशाला मी इतका वेळ उभी होते की बाई काळजीनं विचारायला आली, बरं वाटतंय ना. संध्याकाळी तू जहाजावरून फोन केलास, आवाज तुटत होता. "टाकलंस का?" मी म्हटलं, "टाकलं रे, तू सांगितलंस तसंच."

दुसऱ्या दिवशी बेकरीत पावाचे रोल आणायला गेले तर रांगेत कुणी आनंदात, कुणी रडून डोळे सुजलेले. देश 'नाही' म्हणाला होता. आणि आपला इन्व्हरक्लाइड जिल्हा? आपणही 'नाही' म्हणालो होतो, फक्त शहाऐंशी मतांनी. पुढची बाई मागे वळून म्हणाली, "शहाऐंशी! आमच्या रस्त्यावरची माणसं याहून जास्त आहेत." मी रोल न घेताच घरी आले.

तू मात्र मला देवपदाला नेऊन बसवलंस. जहाजावरच्या यच्चयावत माणसांना सांगितलंस की माझी आई हाडाची 'नाही'वाली, पण माझं 'हो' तिनं इमानदारीनं टाकलं. गेल्या नाताळात नेट्टाकडे ग्लास उंचावून म्हणालास, "विरोधक असावा तर असा!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेल्या बशा पुन्हा धूत बसले. नेट्टा मागून आली, म्हणाली, लाजलीस होय! रॉरी, त्या क्षणी मला मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

आणि रविवारी तू म्हणालास, दुसरं मतदान आलं की माझं मत परत तुझ्याच हातात, तुझ्याइतका भरवसा कुणावर नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी तुझ्या कागदावर 'नाही'पुढे फुली मारली. पेन्सिल 'हो'च्या चौकटीवर टेकवली होती, देवाशपथ. तेवढ्यात गोदी बंद झाली त्या दिवशीचे तुझे बाबा डोळ्यांपुढे आले, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन, अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघरात बसलेले. फक्त चेहरा तुझा होता. तेव्हा ना देश आठवला, ना राणी, ना इंग्लंड. हात सरकला. तुझ्या एका मतानं निकाल बदलला नसता हे मला कळतं, पण त्या शहाऐंशींत तू आहेस, आणि तुला तिथे मी बसवलं. पुढच्या खेपेला नेट्टाचं नाव घाल. कारण काय सांगायचं ते तू ठरव, खरं सांगितलंस तरी मी तोंड लपवणार नाही. माझं स्वतःचं मत आता कुठे पडेल ते मलाच माहीत नाही, पण तुझ्या कागदाला मी पुन्हा हात लावणार नाही. शिव्या घालायच्या तर घाल, पण लिहून घाल. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी घाबरेन, आणि तू "आई, हे खरं नाही ना?" असं विचारलंस तर मी नाही म्हणेन.

तुझीच,
आई