ओढ्यापलीकडचा मध

पोरी मुकामी,

तुझं पुस्तक सुनेनं वाचून दाखवलं. आम्ही मध काढणारी ओगिएक माणसं रान कसं राखतो, ते तू मनापासून लिहिलंयस. नकाशाही सुरेख आहे. पण त्यातली हद्द खोटी आहे, आणि ती मीच तुला सांगितली.

"आजोबा, तुमचं रान नेमकं कुठं संपतं?" पुस्तकासाठी आमच्याकडे आली होतीस, तेव्हा तू तिसऱ्यांदा विचारलंस. आमचं रान फुलोऱ्याबरोबर डोंगर चढतं, उतरतं. मधमाश्या जातील तिथवर ते आमचं. पण तू धुक्यात भिजून थकली होतीस. पाहुणीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? म्हटलं, "ओढ्यापाशी."

आता ओढ्यावर वनखात्याची पाटी आहे, पलीकडे जायला बंदी. पलीकडे झाडांवर मी माश्यांसाठी टांगलेले अकरा पोकळ ओंडके मधानं भरलेत. साहेब तुझंच पान दाखवून हसतो, "म्हातारबा, हद्द तुम्हीच सांगितलीत ना?"

हे कळलं तर तू स्वतःला दोष देशील, पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाहीस, म्हणून हे पत्र पाठवत नाही. मी अलीकडे डोळे मिटून बसतो. माश्या डोक्यावरून पलीकडे जातात आणि त्यांच्या गुणगुणण्यामागून मीही झाड चढत असतो.

निघताना तुला बाटलीभर मध दिला होता, तो पलीकडचाच. उरला असेल तर जपून खा.

तुझा आजोबा,
किप्सोई