गोळी गिळल्यावर आ करायचं

आई, काल शाळेत माझं कौतुक झालं. खरं तर ते बायपोलरच्या नव्या गोळीचं व्हायला हवं होतं. ती सुरू झाल्यापासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. परीक्षेत पेपरभर मी वर्गात येरझारा घातल्या, एकाही पोराला मान वळवता आली नाही. मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "सुपरविजन असं पाह्यजे!" मी या पायावरून त्या पायावर होत आभार मानले.

घरी आलो आणि ठरवलं, गोळी बंद. मन ताळ्यावर आहे, झोप लागते, मग हा जाच कशाला? तेवढ्यात तू आठवलीस, कणकेने भरलेल्या हातांची. त्या वर्षीही मला छान वाटत होतं. इतकं छान, की गोळ्या सोडल्या आणि सायकलवर फिरून अख्ख्या नाचणगावाला, नवस फेडायला घालतात तसं, रोडग्यांच्या जेवणाचं आवतन दिलं. आवतन दिलं की माघारी घेता येत नाही. तू शेजारणी गोळा केल्यास, गोवऱ्या पेटवून रोडगे भाजलेस, वांग्याची भाजी केलीस. मी पंगतीत वाढता वाढता भाषण देत होतो. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कायचा नवस होता वं?" तू म्हणालीस, "पोराले झोप लागू दे, याचा."

दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे नेलंस. तेव्हापासून रोज सकाळी तू तुझी बीपीची गोळी घ्यायचीस, मी माझी, आणि दोघं एकमेकांना तोंड दाखवायचो. "आ कर. जीभ वर कर." एकादशीला तू अडलीस, "गोळी उपासाले चालते काय?" मी म्हटलं, "चालते, साबुदाण्यासारखी पांढरी तर आहे." तू गिळलीस आणि आ केलास.

त्या सकाळींची मला फार आठवण येते. आज डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आपल्या मनाने बंद करू नका. आजची घ्या, उद्या वर्ध्याला या. पायांवर इलाज आहे."

हे लिहीपर्यंत गोळी टेबलावरच होती. आत्ता घेतली आणि तुझ्या फोटोसमोर आ केला. बायको दारात उभी.

"कोणाले दाखवून राह्यले?"

"आईले."

"मले दाखवा."

दाखवलं. तिला तुझ्याइतकी सवय नाही, जीभ वर करायला सांगायचं विसरली. आई, मी आपणहून केली.