हजर व्यक्तीची सही

३ जानेवारी
नवी वही. जुन्या वहीत संकल्प फार झाले होते, म्हणून बदलली. या वर्षी तीनच. एक, नोकरी शोधणे (सोमवारपासून). दोन, रोज चालणे. तीन, देशाच्या कारभारावर नुसतं चिडायचं नाही, लेखी चिडायचं.
चालायला आज थंडी होती.

५ जानेवारी, सकाळी १०.०५
सोमवार. सेविका पाच मिनिटं लेट. आईला अर्धांगवायू झाल्यापासून सरकारी योजनेतून ही बाई रोज दीड तास येते. अंघोळ, व्यायाम, वॉकर धरून चार पावलं. सगळं मोफत. मोफत म्हणजे माझ्या टॅक्समधून. त्यातून बाई परदेशातली. आपली भाषा आपल्याच आईकडून शिकतेय. आई बोलते दोनच शब्द, 'हो' आणि 'नको'. तेवढ्यावर ही बया वाक्यं बोलायला लागली.
जाताना ती एक तक्ता पुढे करते. त्यात 'घरात हजर व्यक्तीची सही' असा रकाना आहे. सौ. कामावर असते, त्यामुळे सही माझी. आजपासून सहीखाली वेळ आणि 'करदाता' असंही लिहायला सुरुवात केली. ऑफिसला कळू दे की कोणीतरी लक्ष ठेवून आहे.
या गडबडीत नोकरीचं राहिलं.

९ जानेवारी
तळमजल्यावरचे रिटायर्ड कॅशियर भेटले. म्हणाले, देशावर एवढं कर्ज आहे की वाटणी केली तर तान्ह्या बाळाच्याही डोक्यावर बोजा येतो. मला घाम फुटला. आईच्या वाट्याचंही मीच फेडायचं की काय? मग जेवलो. जेवल्यावर काही वाटेना.
सौ.ने विचारलं, आईच्या गोळ्या आणल्यास का. देश बुडतोय आणि हिला गोळ्या सुचतायत.

१३ जानेवारी
निवेदन लिहायला घेतलं. कलम एक, टॅक्स निम्मा करा. कलम दोन, बाहेरून येणारे लोंढे थांबवा. कलम तीन माझं आवडतं : 'ज्या घरात धडधाकट माणूस दिवसभर नुसता बसून असतो, त्या घराला कोणतीही मोफत सेवा देऊ नये.' लिहिताना डोळ्यांसमोर समोरच्या इमारतीतला दाढीवाला होता. बघावं तेव्हा खिडकीत. मी रोज बघतो ना, सकाळ-दुपार.
सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, कलम तीन परत वाच. परत वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

२ फेब्रुवारी
फॅक्टरी बंद होऊन आज चौदा महिने झाले. पॅकिंग सुपरवायझर होतो, हाताखाली नऊ माणसं. याला बेकारी म्हणत नाहीत, ब्रेक म्हणतात. सौ. म्हणाली, तिच्या ऑफिसखालच्या गोडाऊनमध्ये जागा आहे. निवेदन अर्धवट टाकून कसं जाणार? एप्रिलनंतर बघू.

११ फेब्रुवारी
सह्या : टार्गेट चारशे. आत्तापर्यंत अकरा. त्यातल्या दोन कॅशियरच्याच, एक डाव्या हाताची, एक उजव्या.
सेविकेने कागद काय आहे म्हणून विचारलं. सांगितलं. तिने बोट ठेवून ठेवून वाचला, मग पेन मागितलं. टॅक्स तिच्याही पगारातून कापतात म्हणे, कलम एक तिला पटलं. परक्या माणसाची सही चालत नाही असं मी सांगितलं. तिने कागद नीट घडी करून परत दिला. मी तिला पाणी विचारलं.

२० फेब्रुवारी
आई वॉकर घेऊन खिडकीपर्यंत गेली! सेविका म्हणाली, ओठांची हालचाल बघा, तिसरा शब्द येतोय, महिना-दोन महिन्यांत. माझी खात्री आहे, तो 'राजा' असणार. लहानपणी आई मला राजा म्हणायची. शिवाय गेला आठवडाभर मी तिला रोज बजेट वाचून दाखवतोय. सगळी प्रगती त्यामुळेच. तुटीचा भाग आला की ती 'नको' म्हणते.

१६ मार्च
निवेदन वॉर्ड ऑफिसात दिलं. सह्या सव्वीस. चष्मेवाल्या क्लार्क बाईंनी शिक्का मारला आणि न वाचता ट्रेमध्ये टाकलं. आपल्या टॅक्सवर पगार घेतात. बाहेर आल्यावर काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, बहुतेक.

२२ एप्रिल
विजय! पेपरात आलंय, मोफत सेवांची छाननी होणार, 'घरात सक्षम व्यक्ती असल्यास' सेवा बंद. शब्द बदललेत, पण कलम तीन माझंच. सौ.ला दाखवलं. तिने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, गोडाऊनची जागा अजून आहे, उद्याच्या उद्या जाऊन ये. या बाईला आनंद कशाचा होतो तेच कळत नाही.
दाढीवाल्याच्या खिडकीकडे बघून हात केला. त्यानेही केला.

२३ एप्रिल
गोडाऊनला निघालो होतो. कॅशियरनी अडवून अभिनंदन केलं. चहा झाला. मग उशीर झाला.

१५ मे
पत्र आलं. दाढीवाल्याला नाही, आम्हाला.

१८ मे
वॉर्ड ऑफिस. त्याच क्लार्क बाई. काहीतरी घोटाळा झालाय म्हणालो. त्यांनी फाईल काढली. सेविकेचे सगळे तक्ते. त्या म्हणाल्या, बाकीच्या घरांत चौकशीला माणूस पाठवावा लागतो, तुमच्याकडे गरजच पडली नाही. रोज दहा ते साडेअकरा एक धडधाकट गृहस्थ हजर, सही, वेळेसकट. हे कोण?
मी म्हणालो, मी.
काम काय करता, असं विचारलं. करदाता म्हणालो. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. टॅक्स सौ.च्या नावावर भरला जातो. माझ्या नावावर चौदा महिन्यांपूर्वीचा शेवटचा. चौदा नाही, आता सतरा.
मी आवाज चढवणार होतो. तेवढ्यात त्यांनी माझं निवेदनच समोर ठेवलं. सावकाश म्हणाल्या, कलम तीन छान लिहिलंय हो तुम्ही. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच आवडलं होतं.
अपील करता येतं. निकालाला सहा महिने लागतात. फॉर्म घेतला, सोमवारपासून भरायचा.

२९ मे
सेविकेचा शेवटचा दिवस. तिने मला उचलायचं कसं ते शिकवलं. आधी आईची डावी बाजू, माझे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. मी दोनदा चुकलो. आई 'नको, नको' म्हणत होती. सेविका आईच्या कानाशी काहीतरी बोलली, मग आई 'हो' म्हणाली.
तक्ता पुढे आला. सही केली, वेळ टाकली. 'करदाता' लिहायला पेन उचललं आणि ठेवून दिलं. ती म्हणाली, तिसरा शब्द आला की मला कळवा. फोन नंबर भिंतीवर लिहून गेली. सौ. संध्याकाळी त्या नंबरासमोर उभी राहून रडली. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण सौ.ला सांगता आलं नाही.

३ जून
ऑफिसकडून नवा तक्ता, घरच्यांसाठी. एका रकान्यात 'सेवा देणारी व्यक्ती', दुसऱ्यात 'हजर व्यक्तीची सही'. दोन्हीकडे मीच सही केली. अंघोळीला पाऊण तास लागला. साबण आईच्या डोळ्यांत गेला. बजेट वाचलं नाही.
गोडाऊनची जागा भरली. नाहीतरी आता मला कुठे जाता येणार?

११ जून, सकाळी
आईला खिडकीपर्यंत न्यायचं ठरवलं. दोन पावलांवर 'नको'. खुर्चीत बसवली. दहा वाजले तशी ती दाराकडे बघायला लागली. ओठ हलले. मी लगबगीने खाली वाकलो, कान तोंडाजवळ नेला.
तिसरा शब्द आला. अगदी स्वच्छ.
"ती?"
मी म्हणालो, येईल.
आई 'हो' म्हणाली आणि दाराकडे बघत बसली. साडेअकरापर्यंत मीही बसलो होतो.