लेथ मागे, आम्ही पुढे

प्रिय धाकट्यास,

दादाचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिने कमी चढ म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, म्हणून नुसतं विचारतो. सौ.ला नवा चष्मा मानवला का? मोठ्याचा खोकला गेला? छोटीचे पुढचे दात आले, की अजून फुंकर मारत बोलते? राहिली तुझी पिकअप. ती माझ्यापाशीच आहे, धडधाकट आहे. (हे वाक्य दोनदा वाच आणि मगच पुढे जा.)

किल्ली देताना तू बजावलं होतंस, "दादा, ट्रेलरमध्ये जड सामान चाकांच्या थोडं पुढे ठेव." मी मान डोलावली. पण वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं सामान चढवणाऱ्याची खोड अशी, की जे आधी उतरायचं ते शेवटी चढवायचं. आमच्या थोरलीला तिच्या नव्या वर्कशॉपसाठी लोखंड कातायचा माझा लेथ द्यायचा होता आणि तोच आधी उतरणार होता. तेव्हा साडेतीनशे किलोचं ते धूड गेलं पार शेपटाला, चाकांच्या मागे. पुढे हत्यारांच्या पेट्या आणि तुझ्या वहिनीचं काचेचं कपाट (ते तिला गाडीतून मागे वळून बघता यावं म्हणून). निघण्यापूर्वी वहिनीने ट्रेलरचं जोडणीचं टोक सहज एका हाताने उचललं आणि म्हणाली, "अहो, हे इतकं हलकं कसं?" मी म्हणालो, "याला समतोल म्हणतात." ती गाडीत जाऊन बसली. मी शहाणा असतो तर तेव्हाच घाबरलो असतो.

सपाट रस्त्यावर सगळं गोडीगुलाबीने चाललं. मग तो लांब उतार लागला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोरून ट्रकची रांग. वेग जरा वाढला, तसं कुणीतरी मागून सदरा ओढावा तसा हिसका बसला. आरशात पाहिलं तर डाव्या आरशात ट्रेलरचा कोपरा! मग उजव्यात. मग पुन्हा डाव्यात, आणि दर खेपेला आधीपेक्षा जास्त. दावणीला बांधलेली म्हैस उधळावी तसा तो ट्रेलर तुझ्या पिकअपला मागून फेकत होता. वहिनी कपाटाबद्दल काहीतरी सांगत होती, ती वाक्य अर्धं टाकून थांबली. लग्न झाल्यापासून तिने वाक्य अर्धं टाकलेलं मला आठवत नाही. तेव्हा मला कळलं की आपलं काही खरं नाही.

पण मी डोकं शांत ठेवलं. ब्रेकला शिवलो नाही. स्टिअरिंग सरळ धरलं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. गाडी आपसूक मंदावली. समोरचा ट्रक हातभर अंतरावरून गेला, ट्रेलरने आणखी दोन हेलकावे खाल्ले आणि निमूट मागे येऊ लागला. कडेला थांबलो. मागून येणारा ट्रकवाला उतरून आला. "आजोबा, बघून माझेच हात गार पडले! घाबरून ब्रेक मारला असतात तर दोघंही खाली होतात. कुणी शिकवलं हे?" मी म्हणालो, "अनुभव." वहिनी माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून."

मग पहार घेतली, लेथखाली पाइपचे तुकडे सरकवले आणि ट्रकवाल्याच्या मदतीने तो ढकलत नेला थेट पुढच्या टोकाला. झालं, पिकअपचं बूड बसलं आणि नाक वर! ट्रकवाला म्हणाला, "आता पुढची चाकं नुसती सोबतीला येणार. वळताना कळेल." पुन्हा मागे घेतला, चाकांच्या जरासा पुढे. म्हणजे तू सांगितलं होतंस तिथेच. वहिनीने ते टोक गाडीपासून सोडवायला लावून दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. हललं नाही. "आता बसते," म्हणाली. सावकाश थोरलीकडे पोहोचलो. लेथला ओरखडा नाही.

तुझा,
दादा

ता. क. वहिनीने ही हकीकत थोरलीला चार वेळा सांगितली. चौथ्या खेपेला दरी पहिल्यापेक्षा दुप्पट खोल होती. परतताना मीच चालवायची, दुसऱ्या कुणाच्या गाडीत ती पाऊल टाकणार नाही, असं तिने जाहीर केलंय.

ता. क. दुसरा. आता तुला म्हणून सांगतो. पायाखालून उंदीर गेल्यावर माणूस करतो तसे मी भीतीने दोन्ही पाय सीटवर घेतले होते. म्हणून ब्रेक लागला नाही. स्टिअरिंग सरळ राहिलं, कारण बोटं चिकटली होती, ती कडेला थांबल्यावर एकेक करून सोडवावी लागली. वहिनीचे डोळे मिटलेले होते, म्हणून तिला कळलं नाही.

ता. क. तिसरा. काल नुसता गाडीत जाऊन बसलो, तर पाय लटलटायला लागला. तिला शेजारी बसवून त्या उतारावर गाडी चढवणं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा तू एक वेगळं पत्र लिही, "दादा, गाडीची नड आहे, मीच न्यायला येतो" असं. म्हणजे आम्हाला एसटीने परतता येईल. ते ती मोठ्याने वाचेल, तेव्हा जरा हुकूम सोडल्यासारखं लिही. मीही थोडा रागावून दाखवीन. आजच लिही रे, ती सामान बांधायला लागली आहे.