परमुलखातली अळणी डाळ

तीर्थरूप सासूबाई,

इथूनच डोकं तुमच्या पायांवर ठेवते. मी खुशाल आहे. जमीन अजून अधूनमधून हलते, पण मदतछावणीतलं आमचं स्वयंपाकघर कापडी मंडपात आहे, डोक्यावर पडण्यासारखं काही नाही. ह्यांना एवढंच सांगा.

भूकंपाची बातमी बघून मी म्हणाले होते, देव मला तिकडे बोलावतोय. तेव्हा हे म्हणाले, "त्याला दुसरं कोणी मिळालं नाही? तिथली भाषा तरी येते का तुला?" नाही येत. पण काल काय झालं ते ऐका!

छावणीत एक आजी आहेत. घर कोसळल्यापासून त्या बोलत नव्हत्या, जेवतही नव्हत्या. काल डाळ मी केली. नैवेद्याआधी मी चाखत नाही, तुम्हाला माहीतच आहे. मीठच राहिलं! देवानेही अळणीच खाल्लं. आजींच्या सुनेने त्यांना बळेच एक घास भरवला, तशा त्या ताडकन उठल्या, माझ्या हातातला डाव हिसकावला आणि मला असं फैलावर घेतलं! शब्द एकही कळला नाही, सूर मात्र अगदी तुमचा. मग मीठ घालून उभ्या उभ्या वाटीभर डाळ प्यायल्या.

आज त्या माझ्याआधी चुलीपाशी हजर! मला कांदे चिरायला बसवलंय. जाड चिरते म्हणून बोलणीही खाल्ली.

गुडघ्यांना तेल लावता ना? गॅस पुरवून वापरा.

परतीचं तिकीट पंधरा दिवस पुढे ढकललंय. ह्यांना तुम्हीच समजावा. इथल्या सासूबाई इतक्यात सोडतील असं वाटत नाही.

तुमची,
धाकटी सून