गोवरीचा निकाल

सौंसर, २ फेब्रु. ८६, रवि.
पुढच्या रविवारच्या गोल्फ सामन्याला मॅनेजरसाहेबांनी पंच म्हणून मलाच नेमलं. आमचा खाणीचा क्लब विरुद्ध नागपूरचे पाहुणे. मी टेम्पररी टायपिस्ट, काठी कधी हातात धरली नाही. पण नियमांचं पुस्तक सायबांसाठी दोनदा टाइप केलं, ते डोक्यात बसलंय. वाद झाला की आताशा सगळे माझ्याकडे बघतात. छाती फुगते, खोटं कशाला लिहू.

५ फेब्रु.
मला कायम करण्याचा कागद सायबांच्या टेबलावर. सही ३१ मार्चच्या आत व्हायला हवी, नाहीतर घरी.
आईला म्हटलं, मैदानावर गोवऱ्या थापू नको, मॅच आहे. "ऊन तिथंच पडते न बाप्पा." ऐकणार नाही.

९ फेब्रु., रवि.
क्रमाने लिहितो.
शेवटचं होल. आमचे साहेब आणि नागपूरचे एक डॉक्टर बरोबरीत. डॉ.चा बॉल नेमका आईच्या गोवऱ्यांत. त्यांनी बॉलला टेकलेली गोवरी उचलली, बॉल घरंगळला. सा. लगेच, "एक फटका दंड. पुस्तकात शेण लिहिलंय."
लिहिलंय खरं. शेण, पानं, काड्या, म्हणजे निसर्गाच्या वस्तू. त्या उचलताना बॉल हलला की दंड. माणसानं केलेली वस्तू असली तर दंड नाही, बॉल परत जागेवर.
गोवरी हातात घेतली. चार बोटं स्वच्छ उमटलेली.
म्हटलं, "साहेब, शेण गाईचं. गोवरी केलेली आहे. कुटार-भुसा कालवून, थापून, वाळवून."
"कोणी केली, तुला काय माहीत?"
इतक्या वर्षांत क्लबात घरचं कधी काढलं नव्हतं. आज काढलं. "माझ्या आईनं. ही तिचीच बोटं. दंड नाही."
डॉ. एका फटक्यानं जिंकले. सा. माझ्याशी बोलले नाहीत. भीती वाटली, पण घरी ताठ चालत आलो.

१० फेब्रु.
सायबांनी पत्र टाइप करायला लावलं, परदेशातल्या नियम-समितीला. गोवरी म्हणजे शेण की वस्तू? इंग्रजीत गोवरी कशी सांगायची ते त्यांना सुचेना. मीच चार ओळींत कृती लिहिली. फार नीट उतरली.
पत्रावर सही केली. माझ्या कागदावर नाही. "उत्तर येऊ दे," एवढंच.

२ मार्च, रवि.
उत्तर नाही, सही नाही. आज आईला सगळं सांगितलं. ती गोवऱ्या थापत होती. तिथंच, मैदानावर.
"सायबायसमोर माह्यं नाव घेतलं तू?"
"घेतलं."
तिनं शेणाचा नवा गोळा उचलला. मग पुन्हा थापायला लागली.
"मंग उत्तराची काय वाट पाहून राहिला? थापली त म्याच."